गाडी किती देते

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो, मग सीट दाबून बघतो, आणि शेवटी विक्रेत्याच्या कानाशी लागून मुद्द्याचं विचारतो, "देते किती?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. या प्रश्नाचं जे उत्तर माहितीपत्रकावर छापलेलं असतं, ते कुणीतरी आधी रस्त्यावर गाडी चालवून काढलेलं असतं, हे त्याच्या गावीही नसतं. एका मोटार कंपनीत ते उत्तर काढायचं काम गेली एकोणतीस वर्षं एकच माणूस करत होता. त्याला सगळे हलक्या म्हणत. कानाने हलकी माणसं ढिगाने सापडतात, पायाने हलका असा हा एकच, म्हणून हलक्या. पुढे केस पिकले, नवी पोरं भरती झाली, तेव्हा हलक्याचे हलकेकाका झाले आणि खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं.

काकांच्या पायाबद्दल कंपनीत काय काय बोललं जाई. तोच रस्ता, तीच गाडी, तेच पेट्रोल. पण दुसऱ्या कुणाला लिटरला तेवीस मिळाले तर काकांना सत्तावीस. कुणी म्हणे, पायाखाली अंडं ठेवून शिकलेत. कुणी म्हणे, गुडघ्यात स्प्रिंग बसवून घेतलीय. खरं सांगायचं तर त्यात जादूबिदू काही नव्हती, होती ती चिकाटी. लांबवर लाल सिग्नल दिसला की दोनशे मीटर आधीच पाय काढायचा. ब्रेक म्हणजे उधळपट्टी. ओव्हरटेक म्हणजे शुद्ध माज. पुढे एखादा मोठा ट्रक सापडला तर त्याच्यामागे बेताचं अंतर ठेवून राहायचं, म्हणजे वारा तो कापतो आणि आपण आयते सरकतो. मागे बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नसे. नव्या पोरांना ते एकच गोष्ट सांगत, "तुम्ही चालवताय हे गाडीला कळू देऊ नका."

दोन वर्षांपासून त्यांच्या हाती कंपनीची नवी हायब्रीड होती. सात माणसांची, खास कुटुंबासाठी म्हणून बनवलेली दांडगी गाडी, अजून बाजारात न आलेली. तिच्यात पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशी जोडी होती. पाय हलका असला की इंजिन झोपून राहायचं आणि गाडी बॅटरीवर चालायची. जरा जोर दिला की इंजिन जागं व्हायचं आणि पेट्रोल प्यायला लागायचं. उतारावर पाय काढला तर चाकंच बॅटरी भरून द्यायची. समोर एक काटा होता. तो हिरव्या पट्ट्यात आहे तोवर सगळं आलबेल. काकांचा त्या गाडीवर जीव जडला होता. दोन वर्षांत त्यांनी तो काटा लाल पट्ट्यात एकदाही जाऊ दिला नव्हता. त्या पट्ट्यात गाडी कशी पळते हे बघायला दुसरी माणसं होती, आणि ती माणसं काकांना जरा उडाणटप्पूच वाटत.

गाडी बाजारात यायला दोन महिने राहिले असताना साहेबांनी टूम काढली. रस्ता खरा हवा, कुटुंब खरं हवं, सामानसुमान खरं हवं, आणि त्यातून निघालेला आकडा छापायचा. काका म्हणाले, माझंच घेऊन जातो. गाडी महिनाभर त्यांच्या ताब्यात मिळाली. तिच्यात एक छोटी डबी बसवलेली होती, ती पायाचा प्रत्येक दाब, प्रत्येक वळण, प्रत्येक मिनिट टिपून ठेवायची. शुक्रवारी काका, काकू आणि शाळेत गणित शिकवणारी त्यांची लेक असे तिघं डोंगरावरच्या एका भाड्याच्या बंगलीत गेले. जावई कामाच्या दौऱ्यावर होते. काकू कुरकुरल्या, "सहलीलासुद्धा तुमची टेस्ट." पण बॅगा त्यांनीच भरल्या, आणि बॅगांचं वजनही त्यांनीच काट्यावर करून दिलं, कारण नंतर नवरा विचारणार हे त्यांना पाठ होतं.

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि लेकीला विचारत होत्या, साखर किती घालू. लेकीने त्याच वेळी घड्याळ बघितलं होतं, म्हणून ती वेळ पुढे सगळ्यांना तोंडपाठ झाली. त्यानंतर थोड्या वेळाने काकूंच्या डाव्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला जरासं ओघळल्यासारखं दिसलं. चक्कर आली असेल, पित्त असेल, रात्री झोप झाली नसेल. घरातली माणसं जे जे म्हणतात ते सगळं म्हणून झालं. साखरेचं पाणी झालं. पाय चोळून झाले. यात तास गेला. शेवटी बाजारातल्या छोट्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरने हात वर करायला लावले आणि दोन मिनिटांत सांगितलं.

"मेंदूत गुठळी अडकली असणार. ती विरघळवायचं इंजेक्शन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मिळेल. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या?"

"सात दहा," लेक म्हणाली.

"मग अकरा चाळीस. अँब्युलन्स वर यायलाच तास घेईल. तुमची गाडी चांगली दिसतेय. निघा."

निघाले तेव्हा आठ चाळीस झाले होते. अंतर एकशे अठरा किलोमीटर. हाताशी तीन तास. चौथीतल्या पोरालाही सुटेल असं गणित.

मधल्या सीटवर काकू लेकीच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. पुढे काका. आता कुणी म्हणेल, हा माणूस दगड होता. छे. हात बर्फासारखे गार पडले होते, तोंडाला कोरड पडली होती. पण घाबरलेलं माणूस हातचं काम धरतं. कुणी भांडी घासत सुटतं, कुणी कपाट आवरायला काढतं. घाबरलेले हलकेकाका गाडी जशी चालवायची तशी चालवू लागले, नेहमीपेक्षा जास्त मन लावून. घाट उतरताना पाय काढला, बॅटरी भरत गेली. प्रत्येक वळण त्यांनी ब्रेकला न शिवता घेतलं. लेक दोनदा म्हणाली, "बाबा, जरा लवकर." काका म्हणाले, "घाई केली तर तिला धक्के बसतील." ते खरंही होतं, म्हणून लेक गप्प बसली.

घाट संपला आणि सपाटीवर एक दुधाचा टँकर पुढे आला. काका त्याच्यामागे गेले. बेताचं अंतर, वारा शांत, काटा हिरव्यात. टँकर साठच्या वर जाईना. एकतीस किलोमीटर ते त्याच्यामागे होते. लेकीला वाटलं, समोरून गाड्या येत असतील, पुढे जायला जागा नसेल. बाबांच्या हाती स्टिअरिंग असताना रस्त्याकडे आपण काय बघायचं, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं.

हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले, लेक त्यांच्यामागे गेली. काकांनी गाडी बाजूला लावून बंद केली, आणि बंद करताना दर वेळी येतो तसा समोरच्या पडद्यावर लिटरमागचा आकडा आला. एकतीस पूर्णांक सहा. एवढा आकडा त्या गाडीने कधीच दिला नव्हता. तिनेच काय, काकांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याच गाडीने दिला नव्हता. आणि काकांच्या छातीत काहीतरी सैल झालं. बरं वाटलं. श्वासभरच वाटलं असेल, पण वाटलं. मग स्वतःचीच शिसारी येऊन ते दार आपटून आत पळाले.

आत स्कॅनच्या मशीनवर अपघातातला एक माणूस होता. त्याचं आटोपून काकूंचा स्कॅन होईपर्यंत, तो वाचेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. चष्मेवाली तरुण डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

"वेळ टळली," ती म्हणाली. "आता दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका आहे. मी नाही देऊ शकत. पाव तास आधी आला असतात तर..." आणि मग तिने वाक्य गिळलं. नको तिथे खरं बोलले हे तिच्या उशिरा लक्षात आलं असावं.

काकू वाचल्या. पण डावा हात गेला, डावा पाय गेला, जीभ जड झाली. तिसऱ्या दिवशी एकेक शब्द यायला लागला, तोही तोंडात घास असल्यासारखा.

भेटायला येणारी माणसं काकांच्या पाठीवर हात ठेवून जात. "डोंगरावरून इतकं सांभाळून आणलंत, धन्य आहे तुमची," असं शेजारचा माणूस म्हणाला. लेक तर येईल त्याला सांगत होती, "बाबांनी आईच्या पोटातलं पाणी हलू दिलं नाही. वेळेत आणलं होतं हो आम्ही, पंचवीस मिनिटं हातात होती. घालवली ती यांनी." यांनी म्हणजे हॉस्पिटलने, आणि हॉस्पिटलने म्हणजे त्या चष्मेवालीने. दुसऱ्याच आठवड्यात लेकीने तीन पानी तक्रार लिहिली. गणिताची बाई ती. मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला. डॉक्टरिणीवर चौकशी बसली. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, पण साप शेजारीच हात बांधून उभा होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरीण रोज दोन वेळा काकूंना तपासायला येई, लेक तिच्याकडे पाठ करून उभी राही, आणि काका तिला म्हणत, "या डॉक्टर." त्यापुढे काही नाही.

खाई त्याला खवखवे. काकांच्या मनात एकच किडा वळवळत होता: किती? मी नीट हाकली असती तर किती आधी पोचलो असतो? पाच मिनिटं असतील. कदाचित दहा. दहा मिनिटांनी काही झालं नसतं, स्कॅन संपेपर्यंत वेळ टळलीच असती. मग आपला काही दोष नाही. आणि जास्त असतील तर? दुसरा माणूस असता तर या प्रश्नावर आयुष्यभर कूस बदलत राहिला असता. काकांचा धंदाच मोजायचा होता. त्यांना मोजल्याशिवाय राहवेना.

पुढच्या शनिवारी कंपनीच्या आवारात त्यांनी वाळूच्या पिशव्या काट्यावर ठेवून वजन केलं. लेकीचे एकसष्ट किलो. बॅगांचे अठ्ठावीस. काकूंचे चोपन्न. प्रत्येक पिशवी ज्याच्या त्याच्या जागी ठेवली, चोपन्न किलोच्या पिशवीला पट्टा लावला. गेटवरचा वॉचमन बघत होता.

"काका, आता कसली टेस्ट?"

"राहून गेलेली," काका म्हणाले.

रविवारी पहाटे ते डोंगरावर गेले. आठ चाळीसला त्या छोट्या दवाखान्यासमोरून निघाले. गाडीत पॉवर मोड नावाचं एक बटण होतं, ते त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा दाबलं आणि पाय खाली रोवला. इंजिन जागं झालं, मोटरही त्याच्या जोडीला लागली, आणि त्या दांडग्या गाडीने अशी उसळी घेतली की काकांचं डोकं मागे आपटलं. त्यांना धक्काच बसला. इतका जीव होता हिच्यात? घाटात ब्रेक लावले, वळणांवर टायर ओरडले, मधल्या चढांवर गाडी दमली नाही की कुरकुरली नाही. सपाटीवर तो दुधाचा टँकर भेटलाच, रविवारची त्याची ती वेळच असावी. काकांनी समोर बघितलं, रस्ता मोकळा होता, त्यांनी पाय दाबला. सहा सेकंदांत टँकर मागे पडला. त्या दिवशीही रस्ता असाच मोकळा होता. हे त्यांना आता आठवलं, आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर समोरचं नीट दिसेना.

हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा दहा एकोणतीस झाले होते. एक तास एकोणपन्नास मिनिटं. आकडा आला, लिटरला चौदा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या आकड्याचं काही वाटलं नाही.

पण एक मोजणी म्हणजे मोजणी नव्हे, हे ते पोरांना एकोणतीस वर्षं शिकवत आले होते. नशिबाने रस्ता मोकळा मिळाला असेल. पुढच्या रविवारी परत गेले: एक त्रेपन्न. त्याच्या पुढच्या रविवारी परत: एक एक्कावन्न. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. काकांनी तर झोपा करून तीनतीनदा मापून बघितला. सरासरी एक तास एक्कावन्न. त्या दिवशी लागले होते दोन तास पस्तीस. चव्वेचाळीस मिनिटं. स्कॅनची पस्तीस मिनिटं धरूनही अकरा वाजून सहा मिनिटांनी इंजेक्शन देता आलं असतं. चौतीस मिनिटं शिल्लक राहिली असती. त्यात कुठेही फट नव्हती. काकांनी शोधली नाही असं नाही.

मधल्या काळात साहेबांनी बोलावून घेतलं. आधी काकूंची चौकशी केली, मनापासून केली, माणूस वाईट नव्हता. मग हळूच कागद पुढे सरकवला.

"डबीतली नोंद बघितली. एकतीस पूर्णांक सहा. कुटुंबासकट, सामानासकट, खऱ्या रस्त्यावर. असा आकडा या वर्गातल्या कुठल्याच गाडीने दिलेला नाही. तुम्ही सही केलीत की छापायला जातो."

"तो धरू नका," काका म्हणाले.

"का? पेट्रोल मोजण्यात काही गडबड?"

"नाही. आकडा बरोबर आहे."

"मग अडचण काय?"

काकांनी रद्द करण्याचा फॉर्म मागून घेतला. त्यात कारणाचा रकाना असतो. हवामान, टायर, यंत्रातला बिघाड, असं काहीबाही लिहितात. काकांनी लिहिलं, चालकाची चूक. साहेबांनी ते दोनदा वाचलं. काही विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण काकांकडे बघून त्यांनी फॉर्म फायलीत ठेवून दिला.

इकडे लेक वेगळ्याच गोष्टीने भडकली होती. चौथ्या आठवड्यात, चौकशीच्या आदल्या दिवशी, तिने बापाला हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर गाठलं. हातात फाईल होती.

"दर रविवारी कुठे असता तुम्ही? आईला व्यायाम शिकवायला बाई येते, नातलग येतात, आणि तुमचा पत्ता नसतो. मी शाळा सांभाळून इथे मरतेय. उद्या चौकशी आहे. निदान ही सही तरी करा."

काकांनी पेन घेतलं नाही.

"मी त्याच रस्त्याने जाऊन आलो. तीनदा. वाळू भरून."

"कशाला?"

"बघायला, किती वेळ लागतो."

लेक मुलांच्या वह्या तपासणारी बाई होती. चूक कुठे आहे ते तिला उत्तराआधी दिसतं.

"आणि किती लागतो?"

"एक तास एक्कावन्न."

तिने मनात वजाबाकी केली. ओठ हलले. मग फाईल मांडीवर ठेवली.

"टँकर," ती म्हणाली. "त्याच्या पुढे जाता येत होतं?"

"येत होतं."

"मग का नाही गेलात?"

काकांना खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायला लाज वाटत होती. "त्याच्यामागे वारा लागत नाही," ते म्हणाले. "पेट्रोल वाचतं."

व्हरांड्यातून एक बाई चाकाची खुर्ची ढकलत गेली.

"मला वाटलं जागा नाहीये," लेक म्हणाली. "मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बाबा चालवतायत, म्हणून." तिचा आवाज चढला नाही, आणि काकांना तो चढलेला चालला असता. "त्या डॉक्टरला मी तोंडावर खुनी म्हणाले. तुम्ही शेजारी उभे होतात."

"हो."

"महिनाभर उभे होतात."

"मला आकडा नक्की माहीत नव्हता."

"आकडा," ती म्हणाली. तिने फाईल उघडली, तिन्ही पानं काढली, नीट चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली. "मी जाते डॉक्टरकडे. माफी मागायचीय, आणि उद्याचं सगळं मागे घ्यायचंय. काय सांगायचं ते मी बघते. आईला माहितीये हे?"

"नाही."

"मग आत्ता जा आणि सांगा. माझ्या तोंडून तिला कळायला नको." ती उठली, चार पावलं गेली आणि वळली. "आणि उगाच गोडगोड करून सांगू नका तिला. नुसतं काय झालं ते सांगा."

काकूंची खाट खिडकीशी होती. उशांना टेकवून बसवलं होतं. डाव्या मुठीत व्यायामाच्या बाईने रबरी चेंडू कोंबून ठेवला होता. तो दाबायचा होता, पण दाबला जात नव्हता, नुसता तिथे होता. काका स्टूल ओढून बसले. काकूंच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ आला होता, तो त्यांनी रुमालाने टिपला. मग सांगायला सुरुवात केली. सात दहापासून सुरू केलं. घाट सांगितला, टँकर सांगितला, सव्वाअकरा सांगितलं. वाळूच्या पिशव्या सांगितल्या, चोपन्न किलोची पट्टा लावलेली पिशवीही सांगितली. चव्वेचाळीस मिनिटं सांगितली. शेवटी पडद्यावरचा आकडाही सांगितला, आणि तो बघून आपल्याला बरं वाटलं होतं, हेसुद्धा सांगून टाकलं. एवढं सगळं बोलायला त्यांना फार तर पाच मिनिटं लागली असतील. बोलताना ते चेंडूकडे बघत होते.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "इंजेक्शन मिळालं असतं तुला."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागे, तेव्हा ही शिक्षा आहे की नुसती तयारी, ते काकांना कळेना. शेवटी काकूंनी उजवा हात वर केला आणि बोटाने हवेत, डोळ्यांच्या जरा वर, काहीतरी दाखवलं.

"आरसा," त्या म्हणाल्या. "गाडीतला. मला त्यात... तुम्ही दिसत होता."

काकांनी मान वर केली.

"मला भीती वाटत होती. खूप. हात जड पडत होता." त्या थांबल्या, घोट गिळला, पुन्हा सुरू झाल्या. "तेव्हा बोलता येत होतं मला. थोडं थोडं. एकदा वाटलं, सांगावं... पळवा म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तुमचा चेहरा बघितला." काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. झालं ते सांगावं, तसं त्या सांगत होत्या. "इतका शांत. सुखात असल्यासारखा. म्हटलं, हे असे बसलेत... म्हणजे मला फार काही झालेलं नसणार."

एवढं बोलून त्या दमल्या. मान उशीवर टाकली आणि खिडकीकडे वळवली. काकांनी त्यांचा डावा हात चेंडूसकट आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. काकू बाहेरच बघत राहिल्या. आपला हात कुणी धरलाय, हे त्यांना कळलं नव्हतं.